स्वस्त लॉजिक ॲनालायझर कसा निवडावा

घरांतील आजारी मनुष्यास ताप किती आहे हें न पाहतांच एकामागून एक औषधें दिलीं जाऊं लागलीं, तर शेजारपाजारचे लोक त्या घरास दोष देतील. परंतु घरच्या टेबलावर इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग करणारी हौशी मंडळी हेंच रोज करीत असते, आणि तिला कोणी दोष देत नाहीं. उपकरण चाललें नाहीं कीं सेन्सर बदलावा. तरीहि चाललें नाहीं कीं बोर्ड बदलावा. शेवटीं सर्व सामान खोक्यांत भरून तें खोकें पलंगाखालीं सारावें, असा हा क्रम आहे. यांत पैसा जातो तो जातोच. त्याहून मोठी हानि ही कीं, दोष कोठें होता हें शेवटपर्यंत कळत नाहीं, आणि न कळलेला दोष पुढच्या उपकरणांतहि तसाच उतरतो. हा अंधार पुष्कळसा दूर करणारें एक साधन हल्लीं सामान्य कुटुंबाच्या ऐपतींत आलें आहे. त्याचें नांव लॉजिक ॲनालायझर. तो कोणता घ्यावा, किती किंमतीचा घ्यावा, आणि त्याच्याकडून काय अपेक्षा करूं नये, हा आजचा विषय आहे.

कल्याण स्थानकापासून कर्जतकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें एकापुढें एक लागतात. उल्हासनगर वसलें तें फाळणीनंतर. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांस आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हास नदीवरून हें नांव देण्यांत आलें. तेथील भाग अद्यापि कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन अशा नांवांनींच ओळखले जातात. अंबरनाथास शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० सालचें शिवमंदिर आहे, आणि त्याच गांवांत ऑर्डनन्स फॅक्टरी व मोठी औद्योगिक वसाहतहि आहे. बदलापूर हें लोकलच्या प्रवासावर संसार चालविणाऱ्या नोकरदारांचें गांव झालें आहे. कोठें दुरुस्तीचें दुकान, कोठें कारखान्यांतील नोकरी, अशा घरांतील मुलांच्या हातीं सोल्डरिंग आयर्न लवकर येतें. सामानासाठीं मात्र पुष्कळांची धांव अजून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे असते. बदलापूर ते छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस हें अंतर सुमारें ६८ किलोमीटर आहे. तेव्हां चुकीची वस्तु आणली तर पैशाबरोबर रविवारहि फुकट जातो.

समजा, बदलापुरास नदीच्या बाजूच्या सखल भागांत राहणारा, महाविद्यालयांत शिकणारा एक तरुण आहे. २६ जुलै २००५ चा पूर त्याच्या आईवडिलांनीं पाहिलेला आहे. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली आणि सुमारें एक हजार प्रवाशांस बाहेर काढावें लागलें, तें त्याच्या स्वतःच्या आठवणींतलें आहे. त्याचे आजीआजोबा तळमजल्यावर राहतात. रात्रीं पाणी आवारांत शिरूं लागलें तर पहारेकऱ्याच्या खोलींत भोंगा वाजावा, एवढें एक उपकरण तो बनवूं पाहतो. आर्डुइनो उनो हा बोर्ड, ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा एचसी-एसआर-०४ हा सेन्सर, सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखविणारा एलसीडी डिस्प्ले आणि एक भोंगा, इतकेंच त्याचें सामान आहे. सर्व जोडलें, आणि डिस्प्लेचा दिवा लागला. परंतु त्यावर एकहि अक्षर उमटलें नाहीं. त्यानें डिस्प्ले बदलला, तारा बदलल्या, बोर्ड बदलला. अखेर उल्हासनगरास दुरुस्तीचें दुकान चालविणाऱ्या मामांकडे तो गेला.

"मामा, हा तिसरा बोर्डहि बिघडलेलाच निघाला बहुतेक," तो म्हणाला.

"अरे, तीन बोर्ड बदललेस, पण बोर्ड आणि डिस्प्ले यांचें आपसांत काय बोलणें चाललें आहे, तें एकदां तरी ऐकलेंस का?" मामांनीं विचारलें.

या प्रश्नांतच सर्व विषयाचा गाभा आहे. अशा उपकरणांतील निरनिराळे भाग एकमेकांशीं तारांवरून बोलत असतात. त्या भाषेंत अक्षरें दोनच: तारेवर व्होल्टेज आहे, अथवा नाहीं, एक, अथवा शून्य. हें बोलणें सेकंदास हजारों किंवा लाखों अक्षरें इतक्या वेगानें चालतें. त्या तारेस मल्टिमीटर लावला, तर तो या सर्व धांवपळीची सरासरी काढून एक आंकडा दाखवितो. त्यावरून तार जिवंत आहे एवढें कळतें, पण ती काय बोलली तें कळत नाहीं. ऑसिलोस्कोप हा व्होल्टेज कसें चढलें, कसें उतरलें, त्याची आकृतीच काढून दाखवितो. परंतु त्यास बहुधा दोन किंवा चार तारा एका वेळीं लावतां येतात, आणि त्याची किंमत विद्यार्थ्यास जड जाते. लॉजिक ॲनालायझर आकृति दाखवीत नाहीं. तो अनेक तारांवर एकाच वेळीं नजर ठेवतो, ठराविक काळानें प्रत्येक तारेवर एक आहे कीं शून्य आहे एवढेंच पाहतो, आणि त्याची नोंद संगणकाकडे देतो. संगणकावरील सॉफ्टवेअर त्या नोंदींवरून संभाषण जुळवून अक्षरें व आंकडे वाचून दाखवितें.

कल्याण जंक्शनाचें उदाहरण घेतलें तर हें चटकन ध्यानांत येईल. एक कारकून वही घेऊन बसला आहे, आणि दर मिनिटास प्रत्येक फलाटावर गाडी उभी आहे किंवा नाहीं एवढेंच तो लिहितो. गाडीचा रंग, तिची गर्दी, तिचा आवाज यांशीं त्यास कर्तव्य नाहीं. तरीहि संध्याकाळीं त्याची वही पाहून त्या दिवशींची सारी वाहतूक सांगतां येईल. फलाट म्हणजे ॲनालायझरचे चॅनेल, आणि किती वेळानें पाहावयाचें तो त्याचा सॅम्पलिंगचा वेग. हाच कारकून दहा दहा मिनिटांनीं पाहूं लागला तर मधल्या वेळांत येऊन गेलेल्या लोकल त्याच्या वहींत येणार नाहींत. आणि वही खोटें सांगते आहे हें वही पाहून समजणारहि नाहीं. स्वस्त ॲनालायझर घेतांना सर्वांत अधिक फसगत होते ती येथेंच.

हें साधन स्वस्त कसें झालें, तेंहि थोडक्यांत पाहण्यासारखें आहे. १९७३ सालीं अमेरिकेंतील ह्युलेट-पॅकार्ड कंपनीनें या जातीचीं आपलीं पहिलीं यंत्रें बाजारांत आणलीं. पुढें कित्येक वर्षें अशीं यंत्रें मोठ्या प्रयोगशाळांचीच मिरास होतीं. कारण नोंदी ठेवण्याची स्मृति, पडदा व हिशोब करणारा भाग हें सर्व त्या एकाच पेटींत बसवावें लागे. घरोघर संगणक आले आणि यूएसबीची वेगवान तार आली, तेव्हां हें ओझें पेटींतून संगणकावर गेलें. सालिये या अमेरिकन कंपनीनें २००८ च्या सुमारास आठ चॅनेलांची, सेकंदास २ कोटि ४० लक्ष नोंदी घेणारी लहानशी पेटी विकावयास काढली. तिच्या पोटांत सायप्रस कंपनीची यूएसबीची एक सर्वत्र मिळणारी चिप होती. तीच चिप वापरून इतरांनींहि तशाच पेट्या बनविल्या, आणि आज "२४ मेगाहर्ट्झ, ८ चॅनेल" असें लिहिलेली, काड्यापेटीहून फारशी मोठी नसलेली वस्तु सुमारें हजार रुपयांच्या आंतबाहेर मिळते. दुसऱ्या बाजूनें, सिग्रोक नांवाच्या एका खुल्या प्रकल्पांत जगभरच्या स्वयंसेवकांनीं या पेट्यांसाठीं सॉफ्टवेअर लिहिलें. त्यांतील पल्सव्ह्यू हा पडद्यावर नोंदी दाखविणारा भाग लिनक्स, विंडोज व मॅक या तिन्हींवर विनामूल्य चालतो, आणि शंभरांहून अधिक प्रकारच्या संभाषणांचा अर्थ लावूं शकतो.

तेव्हां निवड करावयाची ती दुकानांतील वस्तूंकडे पाहून नव्हे, तर आपल्या टेबलावरील तारांकडे पाहून. घेणारानें स्वतःस पांच प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न, तारा किती आहेत? आय-टू-सी ही फिलिप्स कंपनीची १९८२ सालची पद्धति दोन तारांवर चालते. एक माहितीची आणि एक ठोक्याची. एसपीआय या पद्धतीस बहुधा चार तारा लागतात. यूआर्टला प्रत्येक दिशेस एक, अशा दोन पुरतात. बदलापूरच्या उपकरणांत डिस्प्लेच्या दोन, सेन्सरच्या दोन आणि भोंग्याची एक, अशा सर्व मिळून पांच तारा होतात. म्हणजे आठ चॅनेल भरपूर झाले. जुन्या झेड-८० या चिपवर संगणक बांधणारास मात्र १६ पत्त्याच्या आणि ८ माहितीच्या तारा एकदम पाहाव्याशा वाटतील. त्यानें अधिक चॅनेलांचें यंत्र घ्यावें. इतरांनीं केवळ सोळा हा आंकडा आठाहून मोठा आहे म्हणून पैसे मोजूं नयेत.

दुसरा प्रश्न, सर्वांत वेगवान तार कोणती? सेकंदास २ कोटि ४० लक्ष नोंदी म्हणजे सुमारें ४२ नॅनोसेकंदांस एक नोंद. आय-टू-सीचा नेहमींचा वेग सेकंदास एक लाख ठोके, आणि जलद वेग चार लाख. म्हणजे जलद वेगांतहि प्रत्येक ठोक्यास ६० नोंदी मिळतात. यूआर्ट १,१५,२०० या वेगानें चालला तरी प्रत्येक बिट ८·७ मायक्रोसेकंद टिकतो, आणि तेवढ्यांत दोनशेंहून अधिक नोंदी होतात. परंतु आर्डुइनो उनोवर एसपीआय जास्तींत जास्त ८० लक्ष ठोक्यांनीं चालवितां येतो. तेथें ठोक्यामागें तीनच नोंदी उरतात, आणि वाचन डळमळूं लागतें. ठोक्याच्या वेगाच्या निदान चौपट नोंदी असाव्या, हा साधा हिशोब ध्यानांत ठेवावा. त्या हिशोबानें स्वस्त पेटीची खात्रीची मर्यादा ६० लक्ष ठोक्यांपाशीं संपते. त्यापुढें जावयाचें असेल, तर एक फुकटचा उपाय असा कीं, दोष शोधण्यापुरता उपकरणाचाच वेग कमी करावा. दोष वायरिंगचा किंवा प्रोग्रॅमचा असेल, तर तो बहुधा हळू चालींतहि सांपडतो.

तिसरा प्रश्न, तारांवर व्होल्टेज किती? या प्रश्नाकडे दुर्लक्ष झालें कीं वस्तु जळते, म्हणून याचें महत्त्व वेगाहूनहि अधिक. स्वस्त पेटींतील सायप्रस चिप ३·३ व्होल्टवर चालते, परंतु तिच्या पायांस ५ व्होल्ट सोसतात. २ व्होल्टच्या वर असेल तें ती एक समजते, आणि ०·८ व्होल्टच्या खालीं असेल तें शून्य. म्हणून ५ व्होल्टचा आर्डुइनो आणि ३·३ व्होल्टचे नवे बोर्ड, दोन्ही तिला चालतात. १·८ व्होल्टवर चालणारीं उपकरणें मात्र तिला नीट वाचतां येणार नाहींत. कांहीं पेट्यांत चिपच्या पुढें रक्षणासाठीं बफर बसविलेला असतो, कांहींत नुसते रेझिस्टर असतात. घेतांना झांकण उघडून पाहतां आलें तर बफर असलेलीच घ्यावी.

चौथा प्रश्न, नोंद किती वेळ चालावयास हवी? स्वस्त पेटीस स्वतःची स्मृति जवळजवळ नाहींच. जें पाहिलें तें ती तत्काळ संगणकाकडे ढकलते. पूर्ण वेगानें सेकंदास २४ मेगाबाइट, म्हणजे मिनिटास सुमारें १,४४० मेगाबाइट इतकी माहिती येते. संगणक जुना असेल, किंवा एकाच यूएसबी हबवर इतर वस्तु लावल्या असतील, तर नोंद मध्येंच तुटते. अशा वेळीं पेटीस दोष देण्यापूर्वीं वेग कमी करून पाहावा. सेन्सरच्या तारेसाठीं सेकंदास दहा लक्ष नोंदी पुष्कळ होतात, आणि मग तासन् तास नोंद घेतां येते.

पांचवा प्रश्न सॉफ्टवेअरचा, आणि खरें पाहतां हाच पहिला असावयास हवा. पेटी ही केवळ कान. अर्थ लावतें तें सॉफ्टवेअर. म्हणून पैसे देण्यापूर्वीं पल्सव्ह्यू घरच्या संगणकावर उतरवून घ्यावें. त्यांत कोणतेंहि यंत्र न जोडतां केवळ सरावासाठीं चालणारें एक खोटें यंत्र दिलेलें आहे; त्यावर हात बसवावा. विंडोजवर पेटी ओळखली जाण्यासाठीं झॅडिग या लहान साधनानें ड्रायव्हर बदलावा लागतो. पुष्कळ लोक याच पायरीवर थबकून पेटी नासकी आहे असें समजतात.

आतां बाजारांतील वस्तूंकडे वळावें. सर्वांत स्वस्त मार्ग रास्पबेरी पाय पिको या बोर्डचा. जानेवारी २०२१ मध्यें हा बोर्ड ४ डॉलर किंमतीस निघाला, आणि त्यावर विनामूल्य मिळणारा प्रोग्रॅम चढविला कीं तोच लॉजिक ॲनालायझर होतो. सेकंदास दहा कोटि नोंदी घेण्याइतका त्याचा वेग नेतां येतो. हा आंकडा वाचून बदलापूरचा तरुण हरखून जाईल. परंतु त्यानें थांबून तिसरा प्रश्न पुन्हां विचारावा. पहिल्या पिकोचे पाय ३·३ व्होल्टचे आहेत, आणि त्यांस ५ व्होल्ट सोसत नाहींत. आर्डुइनो आणि तो सेन्सर, दोन्ही ५ व्होल्टचे. मध्यें व्होल्टेज कमी करणारी जोडणी न करतां पिको लावला, तर रोग शोधावयास आलेला वैद्यच आजारी पडावयाचा. शिवाय त्याची स्मृति सगळी २६४ किलोबाइट. दोन लाख नोंदी मावतात असें धरलें, तर पूर्ण वेगानें दोन मिलिसेकंदांत वही भरून जाते. ज्याचें सर्व काम ३·३ व्होल्टवर चालतें आणि ज्यास क्षणभराचें पण जलद दृश्य पाहावयाचें आहे, त्यास पिको उत्तम. या तरुणास नव्हे. त्याच्यासाठीं हजार रुपयांच्या आंतबाहेरची ती आठ चॅनेलांची पेटीच योग्य, जरी तिचा वेग पिकोच्या चौथाईहून कमी असला तरी.

त्याच्या वरच्या पायरीवर ड्रीमसोर्सलॅबचा डीएसलॉजिक प्लस हा १६ चॅनेलांचा ॲनालायझर येतो. त्यास स्वतःची २५६ मेगाबिट स्मृति आहे, मोजके चॅनेल वापरल्यास सेकंदास ४० कोटि नोंदींपर्यंत त्याचा वेग जातो, आणि एक व शून्य यांमधील सीमा किती व्होल्टवर धरावी हेंहि ठरवितां येतें. किंमत मात्र शंभर डॉलरांच्या पुढें जाते. त्याहून वर सालियेचीं स्वतःचीं नवीं यंत्रें. त्यांचें सॉफ्टवेअर सफाईदार आहे, आणि किंमत कित्येक शें डॉलर. ज्याची उपजीविकाच या कामावर चालते, त्यास हीं महाग पडत नाहींत, कारण त्याचा वांचलेला एक दिवसहि मोलाचा असतो. हौसेनें महिन्यांतून दोन रविवार काम करणारानें तेवढे पैसे गुंतविण्याचें कारण नाहीं.

येथें नीतीचाहि एक प्रश्न येतो, आणि तो टाळणें बरें नव्हे. उल्हासनगरच्या मालावर 'यूएसए' असें लिहिलेलें असतें, आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असा एक जुना विनोद मुंबईभर प्रसिद्ध आहे. घरदार गमावून आलेल्या माणसांनीं जें मिळेल तें बनवून व विकून पुन्हां संसार उभे केले, ही त्या विनोदामागील गंभीर गोष्ट आहे. दुसऱ्याची वस्तु पाहून तशी वस्तु बनविणें यांत सर्वस्वीं पाप नाहीं. दुसऱ्याच्या नांवानें ती चालविणें यांत आहे. हजार रुपयांच्या कांहीं पेट्या संगणकास आपण सालियेच्याच आहों असें भासविणारा ओळख-क्रमांक घेऊन येतात, आणि विकणारे त्या कंपनीचेंच सॉफ्टवेअर वापरा म्हणून सांगतात. तें सॉफ्टवेअर त्या कंपनीनें आपल्या यंत्रांच्या ग्राहकांसाठीं श्रमानें बनविलेलें आहे. सिग्रोकच्या मंडळींनीं या चिपसाठीं स्वतःचा खुला प्रोग्रॅम लिहिला, तो याचसाठीं कीं कोणास दुसऱ्याचें घ्यावें लागूं नये. पेटी स्वस्त घ्यावी, पण तिच्याबरोबर चालणारें सॉफ्टवेअर हक्काचें घ्यावें. घरांत मुलाच्या हातीं असलें साधन देणाऱ्या आईबापांनीं एवढें एक वाक्य त्यास अवश्य सांगावें.

आतां मामांच्या दुकानांत परत जावें. पेटीची ग्राउंडची तार प्रथम उपकरणाच्या ग्राउंडला जोडावयाची. ती विसरली तर बाकीच्या सर्व नोंदी निरर्थक येतात. मग एक चॅनेल माहितीच्या तारेस, दुसरा ठोक्याच्या तारेस. पल्सव्ह्यूमध्यें आय-टू-सीचा अर्थ लावणारा भाग निवडला, आणि पडद्यावर पहिलीच ओळ आली. बोर्डानें षोडशमान पद्धतींतील २७ या पत्त्यास हांक मारली होती. आठ बिटांनंतर नवव्या ठोक्यास ज्यानें तार खालीं ओढून "आहे" म्हणावयाचें, तो कोणीच नव्हता. तार वरच राहिली होती. म्हणजे बोर्ड बोलत होता, तारा शाबूत होत्या, परंतु हांक चुकीच्या घरास जात होती. या डिस्प्लेच्या पाठीवर जी लहान चिप असते ती दोन प्रकारची येते. एकीचा नेहमींचा पत्ता २७, आणि तिच्याच नांवापुढें 'ए' हें अक्षर असलेल्या दुसरीचा ३एफ. प्रोग्रॅममध्यें एका जागीं २७ चे ३एफ केलें, आणि अक्षरें उमटलीं. तीन बोर्डांपैकीं एकहि बिघडलेला नव्हता.

सेन्सरचेंहि तसेंच तपासून घेतलें. त्यास १० मायक्रोसेकंदांची एक टिचकी दिली कीं तो ध्वनि सोडतो, आणि प्रतिध्वनि परत येईपर्यंतच्या काळाइतकी लांब खूण दुसऱ्या तारेवर करतो. एका सेंटिमीटर अंतरास जाण्यायेण्याचे मिळून सुमारें ५८ मायक्रोसेकंद लागतात. भिंत बरोबर एक मीटरवर ठेवली तेव्हां पडद्यावर ५·८ मिलिसेकंदांची खूण दिसली. टेपनें मोजलेलें अंतर आणि पडद्यावरचा काळ जुळला. सेन्सर खरा होता.

परंतु गोष्ट येथें संपली नाहीं. डिस्प्ले पहारेकऱ्याच्या खोलींत नेण्यासाठीं पांच-सहा मीटर लांब तार टाकली, आणि उपकरण कधीं चाले, कधीं अडे. ॲनालायझरनें सांगितलें कीं मधून मधून "आहे" हें उत्तर येत नाहीं. कां येत नाहीं, हें तो सांगूं शकला नाहीं, आणि सांगूं शकणारहि नव्हता. लांब तारेंत विद्युत् सांठते. आय-टू-सीस अशी सांठवण एकंदर ४०० पिकोफॅरडपर्यंतच मानवते. ती वाढली कीं व्होल्टेज ताठ उभें न चढतां उताराच्या रस्त्यासारखें हळूहळू चढतें. जो फक्त एक आणि शून्य लिहितो, त्यास हा उतार दिसावा कसा? तो पाहावयाचा तर ऑसिलोस्कोपच हवा. मामांच्या दुकानांतील जुन्या स्कोपवर तो उतार स्पष्ट दिसला. डिस्प्ले बोर्डाशेजारीं ठेवून केवळ भोंग्याची तार लांब नेली, आणि अडचण मिटली. ॲनालायझर घेतला म्हणजे स्कोपची गरज संपली, असें कोणीं समजूं नये. आणि स्कोप नाहीं म्हणून ॲनालायझर घेऊं नये, असेंहि नाहीं. बहुतेक घरगुती दोष हे चुकीचा पत्ता, चुकीचा वेग, उलट जोडलेल्या तारा या जातीचे असतात, आणि ते ॲनालायझर पकडतो.

एक इशारा मात्र सर्वांहून महत्त्वाचा. वॉशिंग मशीन, एलईडी दिवे यांतील कित्येक बोर्ड २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर मध्यें ट्रान्सफॉर्मर न घेतां चालतात. त्यांवर ज्यास ग्राउंड म्हणतात, तोच बिंदु विजेच्या जिवंत तारेशीं जोडलेला असूं शकतो. ॲनालायझरची ग्राउंड तार यूएसबीमार्गें सरळ संगणकास, आणि संगणकाच्या धातूच्या अंगावरून माणसाच्या हातास पोंचते. अशा बोर्डास हें साधन केव्हांहि लावूं नये. बॅटरीवर अथवा चांगल्या ॲडॅप्टरवर चालणाऱ्या लहान उपकरणांपुरताच नवशिक्यानें त्याचा उपयोग करावा. लॅपटॉप जळला तर दुसरा घेतां येईल. घरांतील मुलाचें तसें नाहीं.

शेवटीं हिशोब मांडला तर असा निघतो. बदलापूरच्या त्या तरुणानें उगाच घेतलेले दोन बोर्ड आणि एक डिस्प्ले, यांची किंमत त्या पेटीच्या किंमतीपेक्षां कमी खचितच नव्हती. पेटी आधीं असती तर तें सामान लागलेंच नसतें, आणि पावसाळ्यापूर्वींचे चार रविवार वांचले असते. आवारांतला भोंगा हा सरकारी इशाऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नदीकांठच्या माणसानें त्या इशाऱ्याकडेच कान ठेवावा. परंतु भोंगा लावलाच, तर तो वेळेवर वाजेल अशी खात्री हवी. न वाजणाऱ्या भोंग्यावर विसंबून तळमजल्यावरचीं माणसें झोंपीं जातात. त्यापेक्षां भोंगा नसलेला बरा. म्हणून घेणारानें प्रथम आपल्या तारा मोजाव्या, त्यांचा वेग व व्होल्टेज कागदावर लिहावें, विनामूल्य सॉफ्टवेअरवर हात बसवावा, आणि तो कागद खिशांत ठेवूनच दुकानाची पायरी चढावी.